अमेरिकेत उतरायचं कुणाला होतं?

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे. भिंत म्हणायची एवढंच. खरं तर ती आमची टेकायची, वाट्यांची देवघेव करायची आणि गावाची खबरबात घ्यायची जागा. दत्तजयंतीची गर्दी ओसरली, संक्रांतीचं हळदीकुंकू उरकत आलं की माहूर जरा निवांत होतं. गडावर जाणाऱ्या जीपगाड्यांचे हॉर्न कमी होतात आणि बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. मग भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं काकू आणि मधे भिंतीवर परात. शेंगाही सोलायच्या आणि गावही.

"ऐकलंस का," काकूंनी शेंगेचं पोट अंगठ्यानं उघडत सुरुवात केली, "गुरुजींच्या घरात रात्री दिवा व्हता."

"होता ना. मीही पाहिला."

"मंग ते कॅनडाला गेलेच न्हाईत का काय?"

हा प्रश्न चार दिवसांपासून गल्लीत घिरट्या घालत होता. बारा दिवसांपूर्वी आम्हीच सगळ्यांनी गुरुजी-गुरुजीणबाईंना निरोप दिला होता. मुलीचं पहिलं बाळंतपण, ती टोरांटोला. गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा स्वेटर विकत घेतलेला. गुरुजीणबाईंच्या पिशवीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा आणि रेणुकामातेच्या प्रसादाचा तांबूल. त्यांची गाडी आदिलाबादच्या वाटेनं हैदराबादला निघाली तेव्हा काकूंनी गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आणि आठ दिवसांनी, कुणाला काही न सांगता, रात्रीच्या अंधारात तीच माणसं तेच सामान घेऊन परत. सकाळी दार अर्धंच उघडं. दूध आतूनच घेतलं.

माहुरात एवढं पुरतं.

दूधवाल्यानं सांगितलं, पासपोर्टात घोटाळा निघाला. पानाच्या दुकानात ठरलं की लाडवातल्या खसखशीवर विमानतळावरचं कुत्रं भुंकलं. आता दुबईत खसखशीला बंदी आहे हे खरंच, पण गुरुजीणबाईंच्या लाडवात खसखस नव्हतीच, वळायला मीच बसले होते. बसस्टँडवर पोचेपर्यंत गोष्टीला आणखी पाय फुटले. "गुरुजी डंकीनं चाललेते म्हणे!" अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे म्हणवून घेतलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून दत्तशिखरालाही जीपनं जाणारा, तो म्हणे जंगलातून लपतछपत अमेरिकेत घुसणार होता.

मी हसले खरी, पण खोटं कशाला बोलू? परवाच्या हळदीकुंकवात मीही वाणाबरोबर आपलं एक वाक्य वाटून आले होते. "जावयाशी काही बिनसलं असेल." कुणी विचारलं नव्हतं. जीभ चुळबुळली एवढंच.

"आली बघ," काकू हळूच म्हणाल्या. "मान वर करू नको. शेंगा सोल."

गुरुजीणबाई वाटी घेऊन येत होत्या. विरजण मागायला. आठ दिवस घर बंद म्हणजे विरजण गेलेलं असणारच. मी वाटी घेतली, आत जाऊन चमचाभर दही घातलं, बाहेर आले तोवर काकूंनी आडपडदा फाडून ठेवला होता.

"गुरुजीणबाई, खरं सांग. गाव काहीबाही बोलायलंय. कामून परत आलात?"

गुरुजीणबाईंनी वाटी भिंतीवर ठेवली. परातीतली एक शेंग उचलली. सोलली. मग म्हणाल्या, "काकू, आम्हाला अमेरिकेनं अडवलं."

"अमेरिकेनं? तुम्ही तर कॅनडाला चाललेतात."

"तेच तर. अमेरिकेत उतरायचं कुणाला होतं?"

मग पुढचा तासभर आम्ही दोघी जवळजवळ गप्प. माझ्या माहितीत काकू एवढा वेळ याआधी फक्त कीर्तनात गप्प बसलेल्या आहेत.

झालं होतं असं. तिकीट काढलं पुण्यातल्या भाच्यानं, फोनवरच. हैदराबाद, दुबई, न्यूयॉर्क, टोरांटो. सरळ दुबईवरून टोरांटोला जाणारं तिकीट महाग होतं. न्यूयॉर्कवरून गेलं तर माणशी अकरा हजार वाचत होते. दोघांचे बावीस. "बावीस हजारात बाळाचा पाळणा येतो," गुरुजी म्हणाले आणि विषय मिटला. कॅनडाचा व्हिसा दोघांच्या पासपोर्टात चिकटवलेला होताच.

हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून पहाटेचं विमान. हे लोक आदल्या संध्याकाळीच पोचलेले. बॅगा काट्यावर ठेवल्या, तांबुलाचा डबा हातातल्या पिशवीत. खिडकीवरच्या मुलीनं पासपोर्ट उलटसुलट चाळले, संगणकात पाहिलं, पुन्हा चाळले.

"अंकल, यूएस का वीजा?"

"हमको कॅनडा जाना है, बेटा. कॅनडा का वीजा है ना."

"लेकिन न्यूयॉर्क में चेंज है, अंकल."

"बदलना है. उतरना नहीं है."

"सांगते काय," गुरुजीणबाई म्हणाल्या, "यांनी तिथंच शाळा भरवली. पावतीच्या मागं नकाशा काढला. ही अमेरिका, हा कॅनडा, हे आपलं विमान. आम्ही एका विमानातून निघून दुसऱ्यात बसणार, अमेरिकेच्या मातीला पायसुद्धा लावणार नाही. ती पोरगी शांतपणे ऐकत होती. मागं रांग वाढत होती. शेवटी तिनं पडदाच आमच्याकडं फिरवला. इंग्रजीत होतं, पण 'रिक्वायर्ड' एवढा शब्द मलाही कळला."

"मंग सोडायचं की दुबईपर्यंत," काकू म्हणाल्या. "पुढचं पुढं."

"सोडत नाहीत काकू. विनाकागदाचा माणूस पलीकडं उतरवला तर विमान कंपनीला दंड पडतो. युरोपात तर एकेका माणसामागं हजारो युरो. शिवाय त्या माणसाला परत आणायचं, तेही कंपनीनंच. म्हणून ती पोरगी वाईट नव्हती. नियम तिचा नव्हताच. न्यूयॉर्कचा नियम शमशाबादला पाळायला तिला बसवलेलं."

मला हे नवीन होतं. मी म्हटलं, "पण वहिनी, नांदेडच्या स्टँडवर आपण गाडी बदलतो तेव्हा नांदेड महानगरपालिका विचारते का?"

गुरुजीणबाई पहिल्यांदा हसल्या. "हेच मी माझ्या भाचीला विचारलं. हैदराबादेत काचीगुड्याला चुलतभाऊ राहतात ना माझे, त्यांची पोरगी तिकिटांच्या ऑफिसात आहे. आठ दिवस तिथंच होतो आम्ही. परत यायला तोंड नव्हतं. तिनं मला सगळं समजावलं, पण मला कळलं ते माझ्या भाषेत सांगते. काकू, तुमच्या माहेरच्या वाड्याला ढाळज होती ना?"

"व्हती की. दाराच्या दोन्ही अंगाला. वाटसरू बसायचे, पानी प्यायचे, जायचे."

"वाटसरूला कुणी नावगाव विचारायचं?"

"विचारलं तर विचारलं. ढाळजेतून आत थोडाच येतोय तो."

"झालं तर मग. दुबई, दोहा, अबुधाबी या विमानतळांना ढाळज आहे. एवढी मोठी की आपला आठवडी बाजार भरेल. एका विमानातून उतरा, ढाळजेत बसा, चहा प्या, दुसऱ्या विमानात चढा. घरात पाऊल नाही, म्हणून व्हिसाही नाही. अमेरिकेच्या वाड्याला ढाळजच नाही. दार उघडलं की थेट माजघर. तिथं उतरलेल्या प्रत्येकानं आधी साहेबासमोर उभं राहायचं, बोटांचे ठसे द्यायचे, आपली बॅग उचलायची आणि पुन्हा पुढच्या विमानाला द्यायची. मग तुम्ही दोन तासांसाठी आलेले असा की दोन वर्षांसाठी. माजघरात यायचं म्हणजे व्हिसा हवाच."

"आधीपास्नं असंच?"

"नाही. पूर्वी बिनव्हिशानं विमान बदलायची एक सवलत होती. न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले २००१ मध्ये, त्यानंतर धास्ती वाढली. ऑगस्ट २००३ पासून ती सवलत बंद. आता नुसतं विमान बदलायलासुद्धा 'सी-वन' नावाचा वेगळा व्हिसा लागतो. आणि त्याची फी किती, तर फिरायला जाणाऱ्याच्या व्हिशाएवढीच. अर्ज तोच, मुलाखतही तशीच. ढाळजेत टेकायचं भाडं पूर्ण मुक्कामाएवढं!"

"हैदराबादलाच अमेरिकेची कचेरी आहे ना," मी म्हटलं. "तिथंच काढायचा होता."

"गेलो होतो विचारायला. गेलं आणि मिळालं असं नसतं ते. तारीख घ्यावी लागते. तारीख मिळेपर्यंत आमचा नातू रांगायला लागला असता."

हे बोलताना त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. काकूंच्या ते ध्यानात आलं. "झाली का गं पोरगी मोकळी?"

"झाली. आम्ही काचीगुड्याला असतानाच. पाचव्या दिवशी. मुलगा आहे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "फोनवर दाखवला. जावयाला फोनवरूनच अळिवाची खीर शिकवली. चांगला आहे हो पोरगा. गॅसपाशी फोन टेकवून ठेवला होता, मी इथून सांगतेय, तो तिथं ढवळतोय. लाडू मात्र काचीगुड्यातच संपले."

मी मान खाली घालून शेंगा सोलू लागले. 'जावयाशी बिनसलं असेल.' हळदीकुंकवाला तेरा बायका होत्या. आतापर्यंत ते वाक्य किनवटला पोचलं असणार, आणि त्याला वाटेत कुणी काही विचारलंही नसणार.

काकूंनी मात्र ताण लांबवला नाही. "आमच्या सासूबाईंची गंमत सांगते," त्या म्हणाल्या. "त्या पुसदकडच्या. पैनगंगेच्या पल्याड वऱ्हाड, ते इंग्रजांच्या ताब्यात. अल्याड आपण, निजामाचे. लगीन लागून बैलगाडी नदी उतरली की करोडगिरीचा नाका. नाकेदारानं रुखवताची ट्रंक उघडायला लावली. नवी नवरी गाडीत घुंगट घेऊन बसलेली, अन् तिची लुगडी, भांडी समदी रस्त्यावर. जकात भरा म्हणला. मामंजींनी रुपया काढला, तर तो इंग्रजांचा कलदार. नाकेदार म्हणतो, हिकडं निजामाचा हाली चालतो. नदी एक, बोली एक, देवी एक, पर रुपये दोन! सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, माझं माप ओलांडणं घरी झालं न्हाई, नाक्यावरच झालं."

"मग निजाम गेला तेव्हा बरं वाटलं असेल त्यांना."

"सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीस. त्या म्हणायच्या, आता माहेरी जाताना ट्रंकेला कुलूप लावता येईल."

गुरुजीणबाई म्हणाल्या, "बघा, तेव्हा नाका नदीवर होता, दिसायचा. आता तो तिकिटात दडून बसलेला असतो. विमानतळावर गेल्याशिवाय दिसत नाही."

एवढ्यात आमच्या ओट्यावरून खाकरल्याचा आवाज आला. आमचे हे. पेपर समोर धरलेला, कान भिंतीवर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून यांना जगाची काळजी फार.

"वहिनी, तुमचं काहीच नाही," हे तिथूनच म्हणाले. "डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईहून बहारीनमार्गे मँचेस्टरला निघालेलं विमान बिघाड झाला म्हणून कुवेतला उतरवलं. आपले साठेक लोक त्यात होते. ज्यांच्याकडं इंग्लंड-अमेरिकेचे पासपोर्ट, त्यांना जागेवर व्हिसा देऊन हॉटेलात नेलं. आपल्या पासपोर्टवाले वीसेक तास विमानतळावरच. शेवटी आपल्या वकिलातीची माणसं धावून आली. तुमचं तिकीट तरी तुम्ही काढलं होतं. त्यांना तर कुवेत वाटेतही नव्हतं."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "एका विमानात बसलेली माणसं, खाली उतरल्यावर पंगत वेगळी?"

"आणि डंकी म्हणणाऱ्यांना सांगा," यांना आता चेव आला होता, "तो 'डंकी' सिनेमा लागला २१ डिसेंबर २०२३ ला. नेमकं त्याच दिवशी फ्रान्समध्ये वात्री नावाच्या छोट्या विमानतळावर एक विमान अडकवलं. अमिरातीतून निकाराग्वाला चाललेलं, तीनशे तीन प्रवासी, बहुतेक आपलेच. उतरलं होतं फक्त तेल भरायला. माणसांच्या तस्करीचा संशय आला, चार दिवस सगळे तिथंच. शेवटी २७६ जणांना घेऊन ते विमान मुंबईला परत आलं. या अशा भानगडींमुळेच ढाळजेतल्या माणसाकडंही आता संशयानं बघतात."

"आणि तो पॅरिसवाला?" मी मुद्दाम विचारलं. ही गोष्ट यांनी मला किमान नऊ वेळा ऐकवली आहे. भिंतीपलीकडं नवीन श्रोते होते, म्हटलं होऊन जाऊ दे.

"मेहरान करीमी नासेरी! इराणी माणूस. कागदपत्रं गेली. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. १९८८ पासून २००६ पर्यंत पॅरिसच्या विमानतळावर बाकड्यावर राहिला. अठरा वर्षं! त्याच्यावरून हॉलिवूडनं सिनेमा काढला. आणि शेवट बघा, २०२२ मध्ये मेला तोही त्याच विमानतळावर. मधे बाहेर राहून आला होता, पण अखेरीला परत तिथंच गेलेला."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ढाळजेतच जन्म काढला बिचाऱ्यानं. आत कुणी घेतलं न्हाई, अन् पुढं वाटही न्हाई."

गुरुजीणबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि एक घडी घातलेली वही काढली. शाळेतली, चाळीस पानी, मागं पाढे छापलेली. आत पेन्सिलीनं त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं. "भाचीनं सांगितलं ते उतरवून ठेवलंय. पुन्हा फसायचं नाही."

मी डोकावले. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'तिकीट एक का दोन?'

"हा सगळ्यात मोठा घात," त्या म्हणाल्या. "फोनवर स्वस्त दिसतं ते कधीकधी दोन कंपन्यांची दोन तिकिटं जोडलेलं असतं. दिसायला एकच पान. पण पीएनआर नंबर दोन. मग पहिली कंपनी तुमची बॅग मधल्या गावीच सोडून मोकळी होते. बॅग कुठं मिळते? माजघरात. म्हणजे बॅग घ्यायला आत जावं लागतं, आणि आत जायचं म्हणजे व्हिसा. ढाळज असूनही उपयोग नाही."

दुसरी ओळ, 'बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटचं गाव.' "बॅगेला कागदी पट्टी लावतात ना, तिच्यावर तीन अक्षरं असतात. हैदराबादचं एचवायडी. टोरांटोचं काय माहीतय? वायवायझेड! नावात ना ट ना र. ती पट्टी लावताना डोळ्यांनी बघायची. वायवायझेड असेल तर बॅग आपल्या आधी लेकीकडं. मधल्याच गावाचं नाव असेल तर तिथंच तोंड उघडायचं."

तिसरी ओळ, 'कोणत्या वाड्यात किती थांबे.' खाली कंसात 'शेंगेन' लिहिलेलं.

"शेंगेन?" काकूंनी हातातली शेंग वर केली.

"हीच समजा काकू. युरोपातले २९ देश मिळून एक शेंग. आत दाणे वेगळे, पण मधे भिंत नाही. एकदा टरफल फोडून आत गेलं की एका दाण्यातून दुसऱ्यात जायला कुणी विचारत नाही. पण म्हणूनच, फ्रँकफर्टला उतरून तिथून ॲमस्टरडॅम आणि मग टोरांटो, असे एकाच शेंगेत दोन थांबे असले, तर फ्रँकफर्टलाच तुम्ही आत गेलात असं धरतात. एकच थांबा असेल तर ढाळजेत भागतं."

"एकोणतीस दाण्यांची शेंग," काकू म्हणाल्या. "तूर न्हवं ती. असली शेंग आपल्या रानात आली असती तर."

"ढाळजेलाही तिथं नियम आहेत. जर्मनी, फ्रान्स या मंडळींनी आपल्या पासपोर्टवाल्यांकडून वर्षानुवर्षं नुसतं विमान बदलायलाही चिठ्ठी मागितली. पण ज्याच्याकडं अमेरिकेचा, कॅनडाचा नाहीतर जपानचा चालू व्हिसा आहे, त्याला ती माफ. लंडनचंही बरंचसं तसंच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा व्हिसा असला तर ते ढाळजेत बसू देतात."

"म्हंजे मोठ्या घरचं आवतण हातात असलं की बाकीचे पाट मांडतात."

"अगदी तसंच. पण मोठं घर कुणाचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आम्हाला वाटलं, कॅनडाचं आवतण आहे म्हणजे अमेरिका शेजारीच, तिच्या अंगणातून जाऊ. पण अमेरिका शेजाऱ्याचं आवतण मानत नाही. आणि आज मानणारा उद्या मानेलच असंही नाही. इंग्रज २०२० मध्ये युरोपच्या कुटुंबातून वाटणी करून निघाले. त्याआधी इंग्लंडचा व्हिसा दाखवून फ्रँकफर्टला विमान बदलता यायचं. वाटणी झाली आणि ते बंद. म्हणून शेवटची ओळ बघा."

शेवटची ओळ जाड केलेली होती. 'तिकीट काढायच्या आधी विचारणे. मग नव्हे. दूतावासाच्या पानावर बघणे, कंपनीला विचारणे, भाच्याला नव्हे.'

"भाच्याशी बोलणं आहे का?" मी विचारलं.

"आहे. त्याचं तरी काय चुकलं? त्याला बावीस हजार दिसले, आम्हालाही तेच दिसले. थोडे पैसे परत आले, बरेच गेले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पैशाचं नाही हो वाईट वाटलं. यांनी जन्मभर मुलांना सांगितलं, प्रश्न आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा. त्या रात्री शमशाबादला बाकड्यावर बसून हे एवढंच म्हणाले, मी प्रश्नच वाचला नाही. तेव्हापासून घराबाहेर पडले नाहीत. लोक काय म्हणतील."

लोक म्हणजे कोण, ते आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मी परातीकडं.

"वहिनी," मी म्हटलं, "परवा हळदीकुंकवाला मी जरा जास्त बोलून गेले."

"कळलं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुपारीच कळलं. दूधवाल्याच्या बायकोनं सांगितलं."

आता यावर काय बोलायचं? मी उठले, आत गेले, विरजणाच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि डब्यातले डिंकाचे लाडू मोजून अकरा पिशवीत घातले. बाहेर येऊन भिंतीवर ठेवले. त्यांनी पाहिलं, काही म्हटलं नाही, पिशवी आपल्याकडं ओढून घेतली.

"आता परत कधी निघायचं?" काकूंनी विचारलं.

"अठरा दिवसांनी. हैदराबाद, दुबई, टोरांटो. थांबा एक, तिकीट एक, चिठ्ठीवर वायवायझेड. भाचीनं काढलं, मी स्वतः शेजारी बसून पाहिलं. बारसं त्यांनी आमच्यासाठी थांबवलंय."

"गुरुजींना म्हणावं, संध्याकाळी हिकडं या," काकू म्हणाल्या. "ढाळजेत बसू. आमच्याकडं व्हिसा लागत न्हाई."

ऊन गडाच्या बाजूला कललं होतं. शिखराच्या वाटेवरून एक जीप खाली येत होती. परातीत हिरव्या दाण्यांचा ढीग झाला होता, टरफलं काकूंच्या शेळीपुढं पडली होती. काकूंनी शिखराकडं पाहून हात जोडले आणि मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं.

"आपल्या दत्त महाराजांचं बघ," त्या म्हणाल्या. "रोज काशीला अंघोळ, कोल्हापूरला भिक्षा अन् झोपायला माहूर. रोजच्याला एवढा परवास. त्यांना न्हाई कुणी अडवीत ते?"

गुरुजीणबाईंनी वही घडी करून कमरेला खोचली, एका हातात विरजणाची वाटी घेतली, दुसऱ्यात लाडवांची पिशवी.

"त्यांचं तिकीट एकच असतं, काकू," त्या म्हणाल्या. "आणि सामानाला नुसती झोळी."